चार घरांना पत्र गेलंच नाही

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बियांच्या दुकानातला फोन वाजला आणि पलीकडून निवृत्त संगीतशिक्षकांनी नमस्कारही न करता विचारलं, “ताई, माझा ईमेल केवढ्याला विकलात?”

ताईला आधी वाटलं, मास्तर थट्टा करताहेत. चार वर्षांपूर्वी मुळ्याच्या बियांची पुडी घेताना त्यांनी तिच्या यादीत आपला ईमेल लिहिला होता. तेव्हापासून दर सोमवारी दहा वाजता जाणारं तिचं ‘या आठवड्यात काय पेराल’ हे पत्र वाचून ते उलट टपाली अधूनमधून एखादा खोडसाळ प्रश्न धाडायचे. पण आज आवाजात थट्टा नव्हती.

“वाचूनच दाखवतो,” ते म्हणाले. “शहराबाहेर ती नवी मोठी नर्सरी उघडलीय ना, तिचं पत्र आलंय. ‘प्रिय निळं दार दोनदा बेल, आपल्या बागेसाठी आम्ही खास घेऊन आलो आहोत...’ पुढचं जाऊ द्या. मी निळं दार आहे का?”

“पण मास्तर, त्याचा माझ्याशी काय संबंध?”

“हा ईमेल मी फक्त तुमच्या पत्रासाठी काढला होता. माझ्या मुलालासुद्धा तो माहीत नाही. तुमच्या फॉर्मखाली काय लिहिलंय ते आठवतं ना?”

आठवत होतं. तिनेच लिहिलं होतं. ‘तुमचा ईमेल फक्त आमच्या पत्रासाठी. तो आम्ही दुसऱ्या कुणालाही देणार नाही.’ यादीच्या पहिल्या वर्षी रविवारच्या बाजारातही टेबल मांडून बसायची तेव्हा वही पुढे सरकवताना ती हे वाक्य प्रत्येकाला तोंडाने सांगायची. कुणी मान हलवून पुढे जायचं, कुणी थांबून पेन उचलायचं. पहिल्या वर्षअखेरीला एकतीस नावं झाली होती. आता अठराशे बारा होती. त्यातलं एकही तिने विकत घेतलं नव्हतं, कुणाकडून उसनं आणलं नव्हतं.

फोन ठेवला तर लगेच दुसरा आला, मग तिसरा. त्यानंतर ईमेल यायला लागले. ‘प्रिय लाल छत्री’ म्हणून पत्र आलेली एक बाई विचारत होती, माझ्या छत्रीचा रंग या लोकांना कुणी सांगितला? एका गृहस्थांना ‘प्रिय कुत्रा बांधायला सांगा’ म्हणून पत्र गेलं होतं. दुपारपर्यंत एक्केचाळीस तक्रारी जमल्या. दहा वाजताचं स्वतःचं पत्र ताईने थांबवून ठेवलं, तरी तोवर सत्तर जणांनी यादीतून आपलं नाव काढून घेतलं होतं.

ताईला बसवेना. ती खणांच्या कपाटापासून दारापर्यंत जाई, दारातून रस्त्याकडे बघून परत येई, नीट लावलेल्या पालकाच्या पुड्या उगाच काढून पुन्हा लावी. काउंटरवरच्या वहिनीने दोनदा चहा पुढे केला, दोनदा तो गार झाला.

“ताई, बसा ना जरा,” वहिनी म्हणाली.

“बसून काय करू? माझ्या दुकानातून चोरी झालीय, आणि एक पुडीसुद्धा जागची हललेली नाही.”

मग तिने आत्याला फोन लावला.

२

आत्या टपाल खात्यात तेहतीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झाली होती. फाटकी पाकिटं, अर्धवट पत्ते, पावसात पसरलेली शाई, हे सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. ईमेल हा प्रकार मात्र तिने कधी वापरला नव्हता. “वाचून सांगतेस की छापून देतेस?” हा तिचा पहिला प्रश्न होता.

ताईने एक्केचाळीस तक्रारी छापून दिल्या. आत्याने चष्मा पुसला, मागच्या खोलीतलं बियांचं रिकामं कपाट उघडलं आणि त्याच्या खणांमध्ये एकेक कागद टाकायला सुरुवात केली. ताई शेजारी उभी राहून बोटं मोडत होती.

“काय बघतेयस, आत्या?”

“मजकूर नंतर. आधी राहायला कुठे आहेत ते.”

पाऊण तासाने कपाटातले सहा खण भरले होते आणि बाकीचे मोकळे होते.

“तुझ्या यादीत परगावचे लोक किती?”

“निम्म्याहून जास्त. वेबसाइटवरून नावं येतात ना.”

“त्यातल्या एकाचीही तक्रार नाही. हे सगळे इथले, दुकानापासून सायकलच्या अंतरावरचे. म्हणजे तुझी यादी चोरीला गेलेली नाही. दुसरी कुठली तरी गेलीय.” आत्याने खणातला एक कागद उचलला. “आणि ही नावं बघ. निळं दार. लाल छत्री. सावकाश जिना. ही माणसांची नावं नव्हेत. कुणीतरी दाराबाहेर उभं राहिलं की जे दिसतं, ते हे.”

ताईची येरझार थांबली. दाराबाहेर उभा राहणारा एकच माणूस या दुकानात होता.

“सायकलकाका,” ती म्हणाली.

“बोलाव त्यांना. आणि अगं, अजून काही सांगायचं राहिलं असेल तर आत्ताच सांग.”

“नाही. काही नाही.”

हे तितकंसं खरं नव्हतं. समोरच्या कॉम्प्युटरमध्ये, न पाठवलेल्या पत्रांत, सहा आठवड्यांपूर्वी लिहून ठेवलेलं एक पत्र होतं. त्याबद्दल तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ते कुणी पाहिलं नाही, असं ती धरून चालली होती.

३

सायकलकाका घरपोच माल द्यायचे. बोलणं कमी आणि हात खरबरीत. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला.

“हे माझंच आहे,” ते म्हणाले. “म्हणजे, मी लिहिलेलं. पण असं नाही.”

त्यांनी खिशातून तेलकट झालेली एक छोटी वही काढली. प्रत्येक घरासमोर त्यांनी स्वतःसाठी एकेक खूण लिहून ठेवली होती. निळं दार, दोनदा बेल. लाल छत्री अडकवलेली. कुत्रा बांधायला सांगा. एकशे अठ्ठावीस घरं होती.

आत्याने वही उलटसुलट चाळली. “यात ईमेल कुठे आहेत?”

“ते मला काय करायचेत? मला दार सापडलं की झालं.”

“मग या खुणा आणि ईमेल एकत्र आले कसे?”

काकांनी मान खाजवली. “दोन महिन्यांपूर्वी माझा पाय मुरगळला होता. आठ दिवस अंथरुणात. तेव्हा धाकट्याने माझ्याऐवजी माल पोचवला. वही त्याच्याकडेच होती. त्याने ती सगळी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली.”

धाकटा म्हणजे ताईचा भाऊ. दुसरीकडे नोकरी करायचा आणि शनिवारी येऊन दुकानाचं कॉम्प्युटरचं काम बघायचा. पत्र पाठवायचा पासवर्ड ताईबरोबर त्याच्याकडेही, यादीतून नावं काढणं-घालणं त्याच्याकडे. ताईला काकांचं बोलणं पटलं. ती फाइल तिने पाहिली होती. माल निघाला की गिऱ्हाइकाला आपोआप निरोप जावा म्हणून धाकट्याने काकांच्या खुणांपुढे ईमेल जोडले होते. फाइल उघडून बघितली तर पहिल्या रकान्यात काकांची खूण, दुसऱ्यात पत्ता, तिसऱ्यात ईमेल.

“नर्सरीवाल्यांच्या मशीनने पहिला रकाना नाव समजून घेतला,” ताई म्हणाली. “म्हणून सगळे दरवाजे प्रिय झाले.”

“ही फाइल कोण उघडू शकतं?”

“दुकानात असलेलं कुणीही. तिला कुलूप नाही.”

आत्याने मग वहिनीला आत बोलावलं. वहिनी आठ वर्षं काउंटरवर होती. गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी पहिल्यांदा वहिनी म्हटलं आणि तेच नाव पडलं. ती पदर खोचून समोर उभी राहिली आणि विचारलं तेवढ्याची सरळ उत्तरं दिली. हो, कॉम्प्युटर मी वापरते, बिलापुरता. फाइल माहीत आहे. नाही, छापून कुणाला दिली नाही.

“फोन कोण घेतं दुकानात?”

“मीच. ताई मागे लिहायला बसतात, त्यांना मध्येच उठवायला नको म्हणून.”

“एवढ्या लोकांचे निरोप लक्षात राहतात?”

वहिनीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. तिने एप्रनच्या खिशातून बोटभर जाडीची डायरी काढली. “लक्षात कशाला ठेवायचं? कुणाला कुठलं बी हवंय, कुणाची पुडी ओली निघाली, कुणाला काय नको, सगळं यात. शनिवारी धाकटे आले की त्यांच्या कामाचं त्यांना वाचून दाखवते.”

“छान. हरवत नाही ना कुठे? कुणी चाळत नाही?”

“माझ्या खिशातून कोण काढणार? रात्री घरी जाते तीसुद्धा माझ्याबरोबर.”

आत्याने मान डोलावली. वहिनी बाहेर गेली. सायकलकाका मात्र दाराशीच घुटमळत राहिले.

“अजून काही?” ताईने विचारलं.

“सांगू की नको, असं झालंय,” काका म्हणाले. “धाकटा तीन शनिवार इथे आलेला नाही. पण मी त्याला पाहिलंय. दोनदा. त्या नव्या नर्सरीच्या फाटकातून बाहेर पडताना.”

४

ताईने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि धाकट्याच्या घरी गेली. आत्या बरोबर होती. रस्ताभर ताई बोलत होती आणि काय बोलतेय हे तिचं तिलाच समजत नव्हतं. लहानपणी तो खोटं बोलला की नाक कसं चोळायचा. आईच्या मागे याला मी वाढवला. तो असं करणार नाही. केलं असेल तर मी काय करू? आत्या नुसतं “हं” म्हणत चालत होती.

धाकट्याने दार उघडलं आणि दोघींना एकत्र बघून एक पाऊल मागे सरला.

“तीन शनिवार कुठे होतास?” ताईने उंबऱ्यातूनच विचारलं.

“काम होतं ऑफिसात.”

“ऑफिस नर्सरीत हलवलं का?”

तो खाली बसला. मग म्हणाला, “नोकरी बघायला गेलो होतो. आमच्याकडे माणसं कमी करताहेत. नर्सरीला कॉम्प्युटरचं बघणारा हवा होता. तुला कसं सांगणार? तुझ्याच धंद्यावर उठलेले लोक ते.”

“मग?”

“दुसऱ्या भेटीत म्हणाले, ताईंच्या गिऱ्हाइकांची यादी आणता का, मग बघू. मी उठून आलो.”

“आणि मला बोलला नाहीस? ते माझी यादी मागताहेत, हे तुला कळलं, आणि तू गप्प बसलास?”

“सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तू तिथे कशाला गेला होतास?”

ताईला काय मानावं कळेना. तो नाक चोळत नव्हता, पण आता तो लहानही नव्हता. ती आत्याकडे वळली. आत्याने इतकंच विचारलं, “तुझ्याकडे पासवर्ड आहे. मनात आलं असतं तर सगळी यादी देता आली असती तुला?”

“अठराशे बारा. पाच मिनिटांचं काम,” धाकटा म्हणाला आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

बाहेर पडल्यावर ताई म्हणाली, “झालं ना मग. त्यानेच कबूल केलं, पाच मिनिटांचं काम म्हणून.”

“ज्याच्या हातात अठराशे आहेत तो एकशे अठ्ठावीस घेऊन कशाला जाईल?”

“संशय येऊ नये म्हणून.”

“असेल,” आत्या म्हणाली. “म्हणून मोजू. आमच्याकडे पिशवी फुटली की पोचलेली पत्रं कुणी मोजत नसे. न पोचलेली मोजायचे. एकशे अठ्ठावीसपैकी एक्केचाळीस आपल्याला माहीत आहेत. उरलेल्या सत्त्याऐंशी घरांना फोन करायचा. आणि दुकानातून नाही, माझ्या घरून.”

५

दोन दिवस लागले. आत्याच्या जेवणाच्या टेबलावर दोन फोन आणि रेघांचे कागद. ताई सकाळी वहिनीला किल्ल्या देऊन, बरं वाटत नाही सांगून निघायची. सांगणं खोटं नव्हतंच. दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

काही जणांनी झापलं. काही जणांना काहीच फरक पडला नव्हता. एक आजी म्हणाली, मला तर ते ‘सावकाश जिना’ फार आवडलं, पत्ताच तसा करून घेते. नर्सरीचं पत्र मिळालं का, हे प्रत्येकाला विचारायचं. नाही म्हणाले तर नको असलेल्या ईमेलच्या खोक्यातही बघायला सांगायचं, आणि मगच खूण करायची.

बुधवारी संध्याकाळी शेवटच्या घराला फोन झाला. त्र्याऐंशी जणांना पत्र मिळालं होतं. चार जणांना नाही.

ताईने त्या चार नावांभोवती गोल काढला आणि त्यांच्याकडे बघत बसली. एक दंतवैद्य. एक जुळ्यांची आई. एक भाषांतरकार बाई. एक आजोबा, मोठं घर सोडून नुकतेच लहान घरात गेलेले. चौघं चार रस्त्यांवरची. एकाने पाच वर्षं माल घेतलेला, दुसरीने तीन महिने. कुणी फुलं लावायचं, कुणी भाजी. आजोबांचं नाव फाइलच्या सुरुवातीला, भाषांतरकार बाईंचं शेवटून तिसरं.

“योगायोग,” ताई कंटाळून म्हणाली. “कुठेतरी अडकली असतील चार पत्रं.”

“एक अडकलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. फाइल घेणाऱ्याने ही चार नावं हाताने काढलीयत. चोरी करणारा माणूस चार घरं का सोडतो?”

“ओळखीचे असतील.”

“कुणाच्या? तुझ्या भावाच्या? काकांच्या?”

ताई उठून खिडकीशी गेली, परत आली, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली.

“पुन्हा फोन लाव त्यांना,” आत्या म्हणाली. “या वेळी एवढंच विचार, आपलं पत्र तरी मिळतं का तुम्हाला?”

दंतवैद्याने फोन उचलला आणि प्रश्न ऐकून सुस्कारा सोडला. “मिळतं की. नको सांगितलं तरी मिळतं. राग मानू नका, मला बिया हव्यात, पण वाचायला वेळ नाही. मागेच कळवलं होतं.”

“कुणाला कळवलं होतं?” ताईचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

“फोनवर. तुमच्या काउंटरवरच्या बाईंना.”

जुळ्यांची आई तेच म्हणाली. भाषांतरकार बाईही. आजोबांना कुणाशी बोललो ते आठवत नव्हतं, पण आवाज बाईचा होता आणि तिने लगेच लिहून घेतलं होतं, हे पक्कं आठवत होतं.

ताईने फोन खाली ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “आत्या, नाही.”

६

गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, दुकानाचं दार लावून तिघी मागच्या खोलीत बसल्या. वहिनीने पोळीभाजीचा डबा उघडला होता. तो तसाच राहिला.

आत्याने आवाज चढवला नाही. तिने चार नावं लिहिलेला कागद टेबलावर ठेवला.

“ही चार माणसं. यांना आपलं पत्र नको होतं. माल हवा होता, म्हणून घरपोच फाइलमध्ये ती होतीच. पत्राच्या यादीतही होती, कारण यादीतून नावं काढतो धाकटा, आणि तो तीन आठवडे आलेला नाही. मागच्या आठवड्यातल्या सोमवारी ताईचं पत्र या चौघांनाही गेलंय, आम्ही तपासलं. म्हणजे दुकानाच्या कॉम्प्युटरला ठाऊक नाही की यांना पत्र नको आहे. ताईला ठाऊक नाही. धाकट्याला ठाऊक नाही. सायकलकाकांनी ईमेल कधी बघितलाच नाही. पण नर्सरीला फाइल देणाऱ्याला ठाऊक होतं. त्याने नेमकी हीच चार नावं काढली, एक जास्त नाही, एक कमी नाही.” ती थांबली. “ही नोंद एकाच ठिकाणी आहे. तुझ्या डायरीत. आणि ती कुणी चाळत नाही, हे तूच मला सांगितलंस.”

वहिनीने खिशावर हात ठेवला. डायरी काढली नाही.

“तुला कुणी काही दिलं का त्याबद्दल?” ताईने विचारलं. रागाने ओरडायचं, असं तिने रात्रभर ठरवलं होतं. पण प्रश्न हळूच निघाला.

“नाही.”

“मग का?”

“तुम्ही दुकान बंद करताय ना,” वहिनी म्हणाली.

आत्याने ताईकडे बघितलं. ताईने नजर चुकवली.

“सहा आठवड्यांपूर्वी बिल काढायला कॉम्प्युटर उघडला,” वहिनी सांगू लागली. “तुमचं पत्र समोरच होतं. ‘हे माझं शेवटचं पत्र’ म्हणून. मी सगळं वाचलं. आता कुणी वाचत नाही, मीही थकले, महिनाअखेर दुकान बंद. मला वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. महिनाअखेर आली, गेली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. रोज सकाळी यायचे तेव्हा वाटायचं, आज कुलूपच दिसणार. माझ्या घरी कमावणारी मी एकटी आहे, ताई. नर्सरीत बियांच्या विभागाला बाई हवी होती. मी गेले. ते म्हणाले, काम येतं हे सगळेच म्हणतात, गिऱ्हाईक आणणार का? मी म्हटलं, आणीन. दुकान बंदच होणार, मग या लोकांना बिया कुणीतरी द्यायलाच हव्यात ना. मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांनी वापरतील. यांनी सोमवारीच पत्रं पाठवली.”

“आणि ते चौघं?” आत्याने विचारलं.

वहिनीने मान वर केली. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. “त्यांनी नको म्हटलं होतं. नको म्हटलेल्यांचं नाव कसं देणार?”

“बाकीच्या एकशे चोवीस जणांना कुणी विचारलं होतं?”

वहिनीचा हात खिशावरून खाली घसरला. मग ती रडली. आवाज न करता, डब्याच्या झाकणाकडे बघत.

ताई उठली. दारापर्यंत गेली, परत आली. ते पत्र तिने एका वाईट संध्याकाळी लिहिलं होतं. सलग तीन सोमवार एकाचंही उत्तर आलं नव्हतं आणि तिला वाटलं होतं, आपण भिंतीशी बोलतोय. दुसऱ्या दिवशी तिला ते पाठवावंसं वाटलं नाही आणि पुसावंसंही वाटलं नाही. सहा आठवडे ती त्या पत्राभोवती घिरट्या घालत राहिली. त्याच सहा आठवड्यांत पलीकडच्या खोलीत दुसरं कुणीतरी तशाच घिरट्या घालत होतं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“मला विचारायचंस,” ती म्हणाली.

“तुम्ही सांगायचंत,” वहिनी म्हणाली.

दोन्ही खरं होतं, आणि त्याने झालेलं काही निस्तरत नव्हतं.

७

त्या दुपारी ताईने नर्सरीला स्वतः फोन केला. नर्सरीच्या व्यवस्थापकाने आधी उडवून लावलं. ज्यांनी तक्रारी केल्यात ते एक्केचाळीस जण उद्या तुमच्या फाटकात उभे करू का, असं विचारल्यावर मात्र नरमला. संध्याकाळी, ती नावं पुसली, असा त्याचा लेखी निरोप आला. वहिनीच्या नोकरीचा विषयही त्याने त्याच निरोपात संपवून टाकला. बाहेर बोभाटा झालेली माणसं आम्हाला नकोत, असं त्याने लिहिलं होतं.

वहिनीने दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली होती. ताईने ती उचलून आपल्याकडे घेतली.

“जायच्या आधी एक काम करायचंस,” ती म्हणाली. “एकशे चोवीस फोन. मी नाही करणार. तू करायचेस, तुझ्या तोंडाने. मी दिला तुमचा ईमेल, मला देण्याचा हक्क नव्हता, असं सांगायचंस.”

“माझं नाव घेऊन?”

“हो.”

शुक्रवार आणि शनिवार वहिनी काउंटरच्या टोकाला स्टूल घेऊन बसली आणि फोन करत राहिली. ताईने गिऱ्हाइकं सांभाळली. नको म्हटलं तरी कान तिकडेच लागत. कुणी ताडकन फोन आपटला. कुणी वहिनीलाच पाणी पिऊन घ्यायला सांगितलं. संगीतशिक्षक पंधरा मिनिटं बोलले. वहिनी फक्त “हो” आणि “चुकलं” म्हणत होती, आणि शेवटी त्यांनी काय विचारलं कोण जाणे, तिने त्यांना टोमॅटोची रोपं कधी हलवायची ते सांगितलं. लाल छत्रीवाली बाई तर थेट दुकानातच आली, वहिनीसमोर उभी राहिली, तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि एक शब्द न बोलता निघून गेली. तिला फोन करणं सगळ्यात जड गेलं असतं, असं वहिनी नंतर म्हणाली. पण हे त्याहून जड गेलं.

शनिवारी धाकटा आला. दारातच नाक चोळत उभा राहिला. ताई म्हणाली, “आत ये, काम आहे.” दोघं शेजारी बसली. ताईने यादीतल्या सगळ्यांना लिहायचं पत्र सांगितलं आणि धाकट्याने ते टाइप केलं. काय झालं ते तिने लिहिलं; कुणी केलं ते नाही, कारण ज्यांना कळायला हवं त्यांना ते कळत होतं. दुकान बंद करायचं मनात होतं, हेही लिहिलं. मग लिहिलं, ‘तुमचा ईमेल सांभाळण्याचं वचन मला पाळता आलं नाही. त्यामुळे ही सगळी यादी मी पुसून टाकते आहे. ज्यांना पत्र पुढेही हवं आहे त्यांनी फक्त ‘हवं’ असं लिहून पाठवा. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना मी पुन्हा विचारणार नाही.’

“ताई, हे नको करूस,” धाकटा म्हणाला. “अठराशे लोक आहेत. चार वर्षं लागली.”

“मला माहीत आहे किती लागली.”

“शंभरसुद्धा उरणार नाहीत.”

“पाठव,” ताई म्हणाली.

रात्रीपर्यंत दोनशे सहा ‘हवं’ आले. रविवारी आणखी तीनशे चाळीस. कुणी नुसता शब्द लिहिला, कुणी त्याखाली पानभर. एकीने लिहिलं, मी कधी उत्तर देत नाही, पण स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुमची पत्रं चिकटवून ठेवते. आत्या मागच्या खोलीत बसून ती उत्तरं छापून घेत होती आणि सवयीने खणांमध्ये टाकत होती. शेवटचा खण ओसंडला तेव्हा तिने चष्मा काढला आणि म्हणाली, “भिंतीशी बोलत होतीस ना? वाच आता.”

सहा आठवड्यांपूर्वीचं ते पत्र ताईने उघडलं आणि या वेळी पुसलं.

रविवारी दुपारी वहिनी आपली उरलेली भांडी आणि चप्पल न्यायला आली. सगळं पिशवीत भरून झाल्यावर ती काउंटरपाशी उभी राहिली.

“मला अजून ठरवता आलेलं नाही,” ताई म्हणाली. “तुला बघितलं की राग येतो. तू नसलीस की गिऱ्हाइकं विचारतात, आणि मलाही सुचत नाही. सोमवारी दुकान नऊला उघडतं. यायचं असेल तर ये. किल्ली मात्र माझ्याकडेच राहील.”

वहिनीने मान हलवली आणि गेली.

सोमवारी ताई पावणेनऊला आली. वहिनी आधीच दाराशी उभी होती, जुनाच एप्रन घातलेला, हात पुढे बांधलेले. ताईने कुलूप काढलं आणि शटरला हात घातला. ते एका बाजूने अडकायचं, एकटीला वर जायचं नाही. वहिनी पुढे आली आणि तिने दुसरी बाजू धरली.

दोघींनी एकदम जोर लावला, आणि शटर वर गेलं.